काठ नसलेली गाठ : मेंदूच्या कर्करोगावरील उपचारांची पार्श्वभूमी

मेंदूच्या कर्करोगावर नवा उपचार सापडल्याच्या बातम्या वर्षातून दोन-चार वेळा तरी येतात. त्या वाचताना एक आकडा जवळ ठेवावा : १४.६ महिने. ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांच्या मेंदूत उद्भवणारा सर्वांत आक्रमक कर्करोग, आणि मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणाराही तोच. २००५ साली त्यावरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया किंवा बायोप्सीनंतर ज्यांना सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडची गोळी मिळाली, त्यांच्यापैकी निम्मे १४.६ महिन्यांपलीकडे जगले आणि निम्मे त्याआधी गेले. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांत हाच आकडा १२.१ होता. अडीच महिन्यांची ती कमाई त्या वेळी मोठी मानली गेली, आणि गंमत म्हणा किंवा शोकांतिका, नव्याने निदान झालेल्या रुग्णाला आजही मुख्यतः तोच उपचार दिला जातो.

दरम्यान काही कर्करोगांत औषधांच्या दोन-दोन पिढ्या बदलल्या. इथेच घोडं का अडलं, हे कळायला मागे जावं लागतं. मागे गेलं की दिसतं, प्रश्न सुरुवातीपासून एकच आहे : ही गाठ नेमकी कुठे संपते?

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने पंचविशीतल्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. डोक्यावर बाहेरून काहीही दिसत नव्हतं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती. छिद्र कुठे पाडायचं हे ठरवलं होतं अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरने, आणि तेही केवळ लक्षणांवरून. रुग्णाला चेहऱ्याच्या आणि जिभेच्या डाव्या बाजूने सुरू होणारे झटके येत. पुढे डावा हात लुळा पडत गेला. म्हणजे दोष मेंदूच्या उजव्या बाजूला, हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यात, हाताच्या आणि चेहऱ्याच्या जागेजवळ असला पाहिजे, असा त्यांचा हिशोब. हा नकाशा मुख्यतः डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांतून आला होता. त्याच प्रयोगांपायी फेरियर यांना १८८१ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या आरोपाखाली कोर्टात उभं राहावं लागलं होतं; खटला टिकला नाही. गॉडलींनी कवटी उघडली तेव्हा गाठ सांगितलेल्या जागीच सापडली, पृष्ठभागापासून थोडीशी आत, अक्रोडाएवढी. रुग्णाचे झटके थांबले. अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र जंतुसंसर्गाने तो गेला. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचे भाचे, हा त्यातला क्रूर योगायोग.

मेंदूची गाठ काढण्याची ही पहिलीच खेप नव्हती. ग्लासगोत विल्यम मॅकइवेन यांनी १८७९ मध्ये, तर रोममध्ये फ्रान्चेस्को दुरान्ते यांनी १८८४ च्याच उन्हाळ्यात अशा गाठी काढल्या होत्या, आणि दुरान्तेंची रुग्ण पुढे कित्येक वर्षं जगली. पण त्या गाठी मेंदूच्या आवरणातून वाढलेल्या, म्हणजे मेनिंजिओमा होत्या. त्या मेंदूला बाहेरून दाबतात, त्यांना काठ असतो, आणि तो धरून त्या बऱ्याचदा अख्ख्या सोडवता येतात. गॉडलींनी काढली ती ग्लायोमा, मेंदूच्या स्वतःच्या आधारपेशींच्या जातकुळीतली. ती आजूबाजूच्या निरोगी भागात झिरपत जाते. ‘ब्रेन ट्यूमर’ या एकाच नावाखाली मोडणाऱ्या या दोन आजारांची नशिबं तेव्हापासूनच वेगळी झाली.

पुढचा टप्पा अमेरिकन मेंदू-सर्जन हार्वे कुशिंग यांचा. रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी चांदीच्या चिमुकल्या क्लिपा, मेंदूला सूज येऊ नये म्हणून अतिशय सावकाश काम, प्रत्येक रुग्णाची काटेकोर नोंद, हे सगळं त्यांनी रूढ केलं. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बॉस्टनमध्ये त्यांनी विल्यम बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाने बनवलेलं विद्युत उपकरण वापरून, रक्तस्रावामुळे आधी अर्धवट सोडावी लागलेली एक शस्त्रक्रिया पुरी केली. त्याच वर्षी पर्सिव्हल बेली यांच्यासोबत त्यांनी ग्लायोमांचं वर्गीकरण मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी आणि तो रुग्ण किती जगला, यांची त्यात सांगड होती. माझ्या मते कुशिंग यांच्या सगळ्या कामात हेच सर्वांत दूरगामी ठरलं. ग्लायोब्लास्टोमा हे नाव रुळलं तेही तिथूनच.

शस्त्रक्रिया सुरक्षित झाली तरी ग्लायोमा परत यायच्याच. तेव्हा कुशिंग यांचे एकेकाळचे शिष्य आणि पुढचे कट्टर प्रतिस्पर्धी वॉल्टर डँडी यांनी तर्काचं टोक गाठलं. १९२८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, डावं अंग आधीच लुळं पडलेल्या काही रुग्णांचा उजवा मेंदूगोलार्ध आपण पूर्णच काढून टाकला आहे. अर्धा मेंदू नसतानाही माणूस बोलतो, विचार करतो, हे त्यातून दिसलं खरं. पण जे या शस्त्रक्रियेतून वाचले, त्यांनाही आजाराने पुन्हा गाठलंच. गाठीभोवतीचा यापेक्षा मोठा भाग कोणत्याही सर्जनला काढता येणार नव्हता. आजार दिसणाऱ्या गाठीपुरता नसतो, हे त्या दिवसापासून कुणालाही माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. तरीही पुढची कित्येक दशकं आशा चाकूवरच राहिली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीची शस्त्रक्रिया केली. उजव्या पुढच्या खंडाचा बराच मोठा भाग काढूनही गाठ पूर्ण निघाली नाही. ती घरी परतली, संसार सांभाळू लागली. मग आजार उलटला. दुसरी शस्त्रक्रिया कुशिंग यांनी केली, आणि पहिलीनंतर सुमारे अडीच वर्षांनी ती गेली. पेनफिल्ड यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने हे सगळं लिहून ठेवलं. स्वयंपाकासारखं पूर्वी हातचं काम असलेलं नियोजन तिला कसं जमेनासं झालं, हेही त्यात आहे. रुग्णाला जागं ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह देत, बोलण्या-हालण्याच्या जागा ओळखत शस्त्रक्रिया करण्याचं त्यांचं तंत्र आज ग्लायोमासाठी सर्रास वापरलं जातं. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना नसते, म्हणून ते शक्य होतं. त्यात सर्जन थांबतो तो गाठ संपली म्हणून नव्हे, तर रुग्ण चित्रातल्या वस्तूचं नाव सांगताना अडखळला म्हणून.

गाठ दिसण्याची गोष्ट वेगळ्याच वाटेने पुढे गेली. डँडींनी १९१८ मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रं काढली. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्या दाखवल्या. दोन्हींत गाठ दिसत नसे, ती कुणाला ढकलते आहे एवढंच कळे. खरा बदल १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. गाण्यांच्या तबकड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला. चित्र होतं ८० बाय ८० चौकोनांचं, आजच्या डोळ्यांना भरडंच वाटेल असं. पण पुढच्या खंडातला दोष त्यात स्वच्छ दिसला. एमआरआय नंतर आला, आणि त्याने तपशील कैक पटींनी वाढवला.

तपशील वाढला तसा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून सोडलं जाणारं द्रव्य) दिल्यावर स्कॅनमध्ये उजळतो तो भाग म्हणजे रक्तवाहिन्या जिथे गळक्या झाल्या आहेत तो. १९८७ मध्ये मेयो क्लिनिकच्या पॅट्रिक केली आणि सहकाऱ्यांनी उजळलेल्या भागाच्या बाहेरून नेमके नमुने घेतले, आणि तिथेही गाठीच्या पेशी निघाल्या. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की ग्लायोब्लास्टोमा परत येतो तो बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आतच. म्हणून जेवढी काढता येईल तेवढी काढा, हे तत्त्व टिकून आहे. २००६ मध्ये जर्मनीच्या वॉल्टर स्टुमर यांच्या चाचणीत रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ५-एएलए नावाचं द्रावण पाजलं गेलं. निळ्या प्रकाशात गाठ लालसर गुलाबी चमकते. उजळणारा भाग पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. एकूण आयुर्मानात मात्र दोन गटांत ठोस फरक दिसला नाही.

रेडिएशनने फरक पडतो हे १९७८ च्या अमेरिकी चाचणीने पक्कं केलं : शस्त्रक्रियेनंतर केवळ आधार-उपचार मिळालेल्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्यापलीकडे जगले तो काळ) १४ आठवडे, रेडिएशन मिळालेल्यांचं ३५ च्या आसपास. औषधांची अडचण निराळी. १८८५ मध्ये पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की बहुतेक औषधं त्यांपलीकडे जातच नाहीत. गाठीच्या मध्यभागी हा अडथळा फुटलेला असतो. पसरलेल्या पेशी जिथे दडतात, तिथे तो शाबूत असतो. टेमोझोलोमाइड, जे बर्मिंगहॅममध्ये माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने शोधलं, ते लहान रेणू असल्याने पार होतं. तेही सर्वांना सारखं लागू पडत नाही. औषधाने डीएनएला केलेली इजा दुरुस्त करणारं एमजीएमटी नावाचं जनुक ज्यांच्या गाठीत बंद पडलेलं असतं, त्यांना मिळालेलं मध्यम आयुष्य २१.७ महिने होतं, हे मोनिका हेगी यांनी २००५ मध्येच दाखवलं.

बातम्यांच्या बाबतीत सावध का राहायचं, याचा धडा बेव्हासिझुमॅबने दिला. गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारं हे औषध दिलं की एमआरआय झपाट्याने सुधारायचा. २००९ मध्ये अमेरिकेत, आजार उलटलेल्या रुग्णांसाठी, त्याला मंजुरीही मिळाली. २०१४ मध्ये नव्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले : स्कॅनवर गाठ वाढायला वेळ लागला, पण आयुष्य वाढलं नाही. गळक्या वाहिन्या बुजल्या की उजळपणा कमी होतो; गाठ कमी झालीच असं नाही.

जनुकांकडे वळल्यावर चित्र खऱ्या अर्थाने बदललं. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २२ ग्लायोब्लास्टोमांमधली वीस हजारांहून अधिक जनुकं तपासली आणि काहींत आयडीएच१ या जनुकात बिघाड सापडला. हे रुग्ण तुलनेने तरुण होते आणि जास्त जगत होते. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा गाठींना ग्लायोब्लास्टोमा म्हणणंच बंद झालं. म्हणजे त्याआधीच्या चाचण्यांत दोन वेगळे आजार एका नावाखाली मोजले गेले होते. जुने आकडे वाचताना हे विसरून चालत नाही.

२०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि हायडेलबर्गचे फ्रँक विंकलर यांच्या गटांनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली : निरोगी चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी जोडण्या करतात, आणि त्या संदेशांवर गाठ वाढते. ज्या मेंदूपासून गाठ वेगळी करायची, त्याच्याच जाळ्यात ती गुंफलेली आहे. म्हणूनच अपस्मारावरचं पेरॅम्पॅनेल हे औषध आता ग्लायोब्लास्टोमात तपासलं जात आहे.

मार्च २०२४ मध्ये गाजलेली बातमी या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, गाठ ओळखायला शिकवून, मेंदूतल्या द्रवात परत सोडण्याची ही पद्धत, सीएआर-टी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या तिघांपैकी एकाची गाठ पाच दिवसांत जवळपास दिसेनाशी झाली. तिघांपैकी दोघांत ती पुन्हा वाढली; एकाची सुधारणा सहा महिन्यांहून जास्त टिकली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याच सुमारास सहा रुग्णांत असाच लवकर दिसणारा परिणाम नोंदवला. एकाच गाठीत वेगवेगळ्या खुणांच्या पेशी असतात, त्यामुळे एक खूण धरून मारलं तर बाकीच्या उरतात. म्हणूनच आता दोन खुणांवर एकदम नेम धरला जातो आहे.

माझं लक्ष मात्र कमी गाजलेल्या एका बदलाकडे आहे. आयडीएच बिघाड असलेल्या सौम्य ग्लायोमावरचं व्होरासिडेनिब हे औषध २०२३ च्या चाचणीत गाठीची वाढ ११.१ ऐवजी २७.७ महिने रोखू शकलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी ते शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे रुग्णांना देऊन, काढलेल्या गाठीतच तपासलं गेलं होतं. औषध आत पोहोचलं होतं, आणि बिघडलेल्या जनुकामुळे तयार होणारं रसायन नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं होतं. औषध अडथळ्यापलीकडे जातं का आणि गेल्यावर काम करतं का, या प्रश्नांची उत्तरं पूर्वी शेकडो रुग्णांची चाचणी फसल्यावर, कित्येक वर्षांनी मिळायची. अशा रचनेत ती पहिल्या काही डझन रुग्णांतच मिळतात, आणि निरुपयोगी औषध पुढच्या रुग्णाला देण्याआधी बाजूला काढता येतं.