ग्रामसभेचं रेकॉर्डिंग मागताय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

ग्रामसभेत निम्मं गाव विरोधात बोललं आणि इतिवृत्ताची प्रत हातात आली तर त्यात एकच ओळ, 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' ही तक्रार जुनीच आहे. फरक इतकाच की आता बऱ्याच सभांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग होतं. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' हे एआय साधन आणलं. सभेचा ऑडिओ किंवा व्हिडिओ त्यात चढवला की 'भाषिणी' या सरकारी भाषा-यंत्रणेच्या मदतीने इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो, मराठीतसुद्धा. पण तो मसुदाच. चौघं एकदम बोलली, माइक घुमला किंवा कुणी गट नंबर भरभर सांगितला, तर यंत्राला काय ऐकू येईल याचा भरवसा नाही. मसुदा रेकॉर्डिंगशी ताडून सहीनिशी इतिवृत्तात आणायचं काम माणसाचंच, आणि विरोध गळतो तो तिथेच. म्हणून मूळ रेकॉर्डिंगची प्रत हवी. ती माहिती अधिकारात मागता येते.

अर्ज भारताचा कुठलाही नागरिक करू शकतो. गावच्या मतदारयादीत नाव असायलाच हवं असं नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याला कामाला असलेल्यांनाही करता येतो. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकाच्या नावे (आता पद 'ग्रामपंचायत अधिकारी'). वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आधार कार्डाची अट कायद्यात नाही आणि माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरी खिडकीवर दोन्ही विचारलं जाईल. वाद न घालता पत्ता लिहा आणि पोच घ्या.

दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ आहे, पण पुरावा जोडावा लागतो. नुसतं पिवळं रेशनकार्ड चालत नाही म्हणून अर्ज परत आलेले पाहिले आहेत. मग दाखला आणायला सांगतात आणि तो द्यायचा त्याच ग्रामपंचायतीने! प्रती फार नसतील तर सरळ दहाचा स्टॅम्प लावून मोकळे व्हा.

आता शब्दांकडे वळू, कारण सर्वात जास्त अर्ज इथेच पडतात. महाराष्ट्रात २०१२ च्या दुरुस्तीपासून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. सभेच्या रेकॉर्डिंगबरोबर रस्त्याची बिलं आणि घरकुलाची यादी मागितली की पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीचं सोडून देता येतं. दुसरी चूक म्हणजे 'सभेत कोण काय बोललं ते लिहून द्यावे' असं मागणं. माहिती अधिकारात कार्यालयाकडे जे आहे तेच मिळतं, तुमच्यासाठी नवं काही तयार करून देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे सांगितलं आहे. म्हणून फाइलच मागा, साधारण अशी:

'दि. … रोजीच्या ग्रामसभेच्या ध्वनी/चित्रमुद्रणाची प्रत पेनड्राइव्हवर. त्याच सभेच्या इतिवृत्ताची व हजेरीपत्रकाची साक्षांकित प्रत. मुद्रण उपलब्ध नसल्यास ते केव्हा व कोणाच्या आदेशाने काढून टाकले त्याची नोंद.'

शेवटची ओळ विसरू नका. रेकॉर्डिंग बऱ्याचदा कुणाच्या तरी स्वतःच्या मोबाइलमध्ये असतं आणि मेमरी भरली की जातं. 'उपलब्ध नाही' एवढ्या उत्तरावर अर्ज निकाली निघू नये म्हणून ती ओळ हवी.

'यात लोकांची वैयक्तिक माहिती आहे' असं कारण देऊन नकार येऊ शकतो. ग्रामसभा जाहीर असते, जे बोललं ते गावासमोरच बोललं. तरीही एखाद्याच्या आजाराचा किंवा घरगुती बाबीचा उल्लेख असेल तर कलम १० नुसार तेवढा भाग वगळून बाकीचं देता येतं, हे अपिलात, म्हणजे नकाराविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जात, लिहा. तेही जमत नसेल तर कार्यालयात बसून ऐकण्याची परवानगी मागा. अवलोकन हाही कायद्यातला हक्क आहे.

मुदतीचा घोळ तर कायमचा. उत्तरासाठी तीस दिवस मिळतात ते अर्ज कार्यालयात पोचल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे. प्रतीचे पैसे भरा असं पत्र आलं की पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, तेव्हा पत्र खिशात घालून फिरू नका. तीस दिवसांत काहीच आलं नाही तर तो नकारच समजायचा, आणि तिथून पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. लोक 'साहेब आज देतो, उद्या देतो' म्हणतात म्हणून थांबतात आणि अपिलाची मुदत घालवून बसतात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. पहिल्या अपिलाच्या निर्णयानंतर, किंवा निर्णय यायला हवा होता त्या दिवसानंतर, राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस असतात.

यापेक्षा महत्त्वाची तारीख पुढच्या ग्रामसभेची. सभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. १५ ऑगस्टनंतर पुढची सभा २ ऑक्टोबरला धरली तर मधे जेमतेम सात आठवडे, त्यातले तीस दिवस उत्तराचे. अर्ज ऑगस्टच्या आतच गेला पाहिजे. कारण पुढच्या सभेचा पहिलाच विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', आणि एकदा कायम झालं की नुसतं रेकॉर्डिंग दाखवून ते बदलून घेणं अवघड. त्या दिवशी लेखी हरकत न्या. तीत ठराव क्रमांक आणि रेकॉर्डिंगमध्ये विरोध किती मिनिटांवर ऐकू येतो ते लिहा, आणि 'सर्वानुमते' ऐवजी विरोध करणाऱ्यांच्या नावासह नोंद घ्यावी अशी मागणी करा. हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका.