आठ आकडे, दोन गणितं: ऑक्टोनियन आणि ड्युअल क्वाटर्नियन

इंदुरात होळकर सायन्स कॉलेजात एम.एस्सी.ला बीजगणित घेतलेल्याला ऑक्टोनियन लागतात. जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोच्या हातावर प्रोजेक्ट करून पुढे पीथमपूरच्या कारखान्यांत जाऊ पाहणाऱ्याला लागतात ड्युअल क्वाटर्नियन. कोडमध्ये दोन्ही म्हणजे आठ आकड्यांची ॲरे, दोन्ही क्वाटर्नियनच्या (म्हणजे १, आय, जे, के या एककांवर लिहिलेल्या चार आकड्यांच्या संख्यांच्या) जोड्या, त्यामुळे एकाची लायब्ररी दुसऱ्याच्या कामाला सहज जुंपली जाते. त्यात १८९८ मध्ये अलेक्झांडर मॅकॉलेने ड्युअल क्वाटर्नियनलाच ‘ऑक्टोनियन’ हे नाव दिलं होतं, म्हणून जुनं साहित्य वाचताना व्याख्या आधी पाहावी.

फरक गुणाकारात आहे. ऑक्टोनियनचा नियम असा (अ, ब, क, ड हे क्वाटर्नियन; ′ म्हणजे संयुग्मी, पहिला आकडा तसाच ठेवून उरलेल्या तिघांची चिन्हं बदललेला):

(अ, ब)(क, ड) = (अक − ड′ब, डअ + बक′)

ड्युअल क्वाटर्नियनचा असा:

(अ, ब)(क, ड) = (अक, अड + बक)

पहिल्यात क्वाटर्नियनचे ४ गुणाकार, म्हणजे ६४ साधे गुणाकार. दुसऱ्यात ३, म्हणजे ४८.

हातातली लायब्ररी कोणती हे ओळखायला (०,०,०,०,१,०,०,०) चा वर्ग काढा. ० आला तर ड्युअल क्वाटर्नियन. −१ आला तरी लगेच ऑक्टोनियन समजू नका, कारण संमिश्र गुणक असलेले क्वाटर्नियनही, म्हणजे ज्यांचे घटक संमिश्र संख्या असतात ते, −१ च देतात. मग तीन एककं घ्या: आय, जे आणि हे पाचवं एकक एल. ऑक्टोनियनमध्ये (आय·जे)·एल आणि आय·(जे·एल) यांची चिन्हं उलटी येतात. बाकीच्यांत दोन्ही उत्तरं सारखीच. चाचणीला तीन स्वतंत्र घटक लागतातच. कोणत्याही दोन ऑक्टोनियनपासून बनणाऱ्या गुणाकारांत कंस कुठेही टाकले तरी फरक पडत नाही, म्हणून दोनच घटकांवर लिहिलेली टेस्ट बिनदिक्कत पास होते आणि चूक आतच राहते.

कंस हलवले की उत्तर बदलतं, याच कारणाने ऑक्टोनियनला ८×८ मॅट्रिक्समध्ये बसवून मॅट्रिक्सचे गुणाकार करत गेलात की उत्तर चुकतं: मॅट्रिक्सचा गुणाकार कंसांना जुमानत नाही. ड्युअल क्वाटर्नियनला ही वाट बिनधोक आहे.

रोबोसाठी कृती अशी. पहिले चार आकडे म्हणजे फिरवण्याचा एकक (लांबी १ असलेला) क्वाटर्नियन ‘फ’, सरकवणं ‘स’; दुसरा भाग, म्हणजे शेवटचे चार आकडे = ½·स·फ. झेड अक्षाभोवती ९०° फिरवून एक्स दिशेला १०० मिमी सरकवायचं असेल तर फ = (०.७०७१, ०, ०, ०.७०७१) आणि दुसरा भाग (०, ३५.३५५, −३५.३५५, ०). परत काढताना स = २ × दुसरा भाग × फ′. इथे एक्स दिशेलाच १०० मिमी मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास गुणाकाराचा क्रम उलटा झालाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक नॉर्मलायझेशनची, म्हणजे लांबी १ वर आणण्याची. ऑक्टोनियनमध्ये आठही वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून भागायचं, आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण गुणाकाराची लांबी म्हणजे लांब्यांचा गुणाकार. तेच ड्युअल क्वाटर्नियनवर केलं तर? न फिरवता १००० मिमी सरकवलं, तर दुसऱ्या भागाची लांबी ५००, म्हणून सगळं सुमारे ५०० ने भागलं जातं. वरच्या सूत्राने परत काढलेलं सरकणं येतं ०.००४ मिमी. कोणतीही एरर येत नाही, हात जागचा हलत नाही इतकंच. बरोबर रीत अशी: आठही आकडे फक्त ‘फ’च्या लांबीने भागा, मग दुसऱ्या भागातून ‘फ’च्या दिशेचा अंश वजा करा, म्हणजे दोघांचा डॉट गुणाकार ० होईल. दोन स्थितींच्या मधली स्थिती काढताना दोन ‘फ’चा डॉट गुणाकार ऋण असेल तर एकाच्या आठही आकड्यांची चिन्हं बदला, नाहीतर हात लांबच्या बाजूने वळतो.

भागाकाराचंही बघा. शून्येतर ऑक्टोनियनने नेहमी भागता येतं. गुणाकाराची लांबी म्हणजे लांब्यांचा गुणाकार हा नियम पाळणारी शेवटची पद्धती ८ मितींचीच, हे गणितज्ञ हुर्विट्झने १८९८ मध्येच सिद्ध केलं. ड्युअल क्वाटर्नियनमध्ये ‘फ’ शून्य असलेल्याने भागताच येत नाही.

ऑक्टोनियनवाल्यांनी एक जपावं. त्यांचे गुणाकाराचे तक्ते ४८० प्रकारे मांडता येतात. एका लायब्ररीत १ आणि २ क्रमांकाच्या एककांचा गुणाकार ३ क्रमांकाचं एकक, दुसरीत ४ क्रमांकाचं. आठ आकडे जसेच्या तसे उचलून नेले तर लांबी जुळते आणि गुणाकार चुकतो, म्हणून आधी दोन्हीकडचे तक्ते छापून एककांचे क्रमांक आणि चिन्हं जुळवून घ्या.