फायब्रोस्कॅनचा आकडा येतो कुठून?

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं की ठाणे असो वा वाशी, डॉक्टर हल्ली बऱ्याचदा फायब्रोस्कॅन लिहून देतात. तीनेक तास उपाशी राहायचं, उताणं झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा. बरगड्यांच्या फटीत टेकवलेला प्रोब टिचक्या मारू लागतो आणि रिपोर्टवर आकडा येतो: 5.1 किलोपास्कल. लिव्हरचा हा घट्टपणा मशीन थेट मोजत नाही, हिशेबाने काढतं.

मोजला जातो तो वेग. टिचकीमुळे लिव्हरमधून एक आडवी लाट निघते, सेकंदाला 50 कंपनांची; तिला शिअर वेव्ह म्हणतात. मऊ लिव्हरमधून ती रमतगमत जाते, घट्ट लिव्हरमधून झपझप. अल्ट्रासाउंड शरीरात सेकंदाला साधारण 1540 मीटरने धावतो, म्हणून या सावकाश लाटेच्या सेकंदाला हजारो नोंदी घेणं त्याला जमतं. मग वेगाचा वर्ग करायचा, घनतेने गुणायचं आणि तिप्पट करायची. वेग 1.3 मीटर असेल तर 5.1 किलोपास्कल; 2 मीटर निघाला तर थेट 12, आणि डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहून देतात. वर्गामुळे वेग 10 टक्के जास्त मोजला गेला, की आकडा 21 टक्क्यांनी फुगतो.

शिवाय सूत्र धरून चालतं, की लिव्हर सगळीकडे एकसारखं आणि निव्वळ लवचिक आहे. खऱ्या लिव्हरमध्ये चिकटपणाही असतो. कंपनांची संख्या बदलली की लाटेचा वेग बदलतो, आणि दोन वेगळ्या पद्धतींच्या मशीनवर एकाच माणसाचे आकडे नेमके जुळत नाहीत.

मग खरा कुठला? बायोप्सी फायब्रोसिस (लिव्हरमध्ये साचलेले व्रणासारखे तंतू) किती ते सांगते, किलोपास्कल नाही. अगारच्या (वाण्याकडचा चायना ग्रास तो हाच) वड्यांवर मशीन तपासतात, पण वडी सुकत जाते तसा तिचा घट्टपणाही बदलतो. म्हणून मशीनचं गणित तपासायला संगणकात बनावट लिव्हर उभं करतात; त्याचा घट्टपणा मात्र आपणच लिहून दिलेला असतो.

हे लिव्हर म्हणजे बारीक चौकटींची जाळी. अडचण अशी, की तिच्यात दाबाची वेगवान लाटही (सेकंदाला 1540 मीटरची) धावते आणि संगणकाला हिशेबातली वेळेची पावलं तिच्या चालीने टाकावी लागतात. चौकट पाव मिलिमीटरची असेल, तर दीड मीटर वेगाची शिअर वेव्ह 3 सेंटिमीटर जाईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास पावलं! त्यावर एक लबाडी रूढ आहे. मऊ ऊतक दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास बदलत नाही, म्हणजे पॉयसन गुणोत्तर (वस्तू ताणली की आडवी किती आकसते ते सांगणारा आकडा) 0.5 ला टेकलेलं, ते 0.499 धरायचं. दाबाची लाट मंदावते, पावलं काही हजारांवर येतात आणि शिअर वेव्हला फारसा फरक पडत नाही. मला ही लबाडी माफ वाटते.

पुढे जाळीत प्रतिध्वनी परतवणारे असंख्य ठिपके विखरायचे, लाटेबरोबर त्यांना मायक्रोमीटरभर हलवायचं, त्यांचे कृत्रिम प्रतिध्वनी काढायचे आणि मशीनच्या गणिताला द्यायचे. इथे दुसरी लबाडी आपसूक घडते, आणि ही माफ नाही: लाट ज्या समीकरणांनी आणि जाळीने बनवली, त्यांनीच उत्तर काढलं तर स्वतः काढलेला पेपर स्वतःच सोडवल्यासारखं होतं. म्हणून उत्तर काढताना वेगळी जाळी घेतात आणि प्रतिध्वनींत मुद्दाम खरखर मिसळतात. तेव्हा उणिवा दिसू लागतात. जाळीत घट्ट गाठ ठेवली तर तिच्या कडा पसरट होतात, आणि लाटेच्या लांबीपेक्षा बरीच लहान असलेली घट्ट गाठ आहे त्याहून मऊ भासते. 50 कंपनांच्या त्या लाटेची लांबी अडीच सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणून स्तनातल्या गाठींसाठी टिचकीऐवजी ध्वनीचाच धक्का देऊन सेकंदाला काहीशे कंपनांची, म्हणजे आखूड, लाट वापरतात.