खडीसाखर आणि काळा कातळ

नाशिकच्या परिसरातल्या दगडखाणीत सुरुंग उडतो, काळा बेसाल्ट फुटतो, त्याची खडी होऊन रस्त्यावर जाते. पण एखाद्या वेळी फुटलेल्या दगडात पोकळी उघडी पडते आणि आत फिकट हिरवा ॲपोफिलाइट नाहीतर केशरट-गुलाबी स्टिल्बाइट या खनिजाचा स्फटिक दिसतो. जगभरच्या खनिजसंग्रहांत ‘नाशिक’ अशी चिठ्ठी लावलेले नमुने आहेत ते यामुळेच.

हे खडे लाव्हारसाबरोबरच वर आले, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते. ते शक्यच नाही. स्टिल्बाइटच्या वजनाचा सहाव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग निव्वळ पाणी असतं. हजार अंशांहून तापलेल्या रसात ते टिकणार कसं? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हाने मागे ठेवली ती फक्त रिकामी जागा, म्हणजे त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे.

बाकीचं काम पाण्याचं. भेगांतून झिरपलेलं पाणी खोलवर तापलं. वरच्या थरांच्या दाबामुळे शंभर अंश ओलांडले तरी त्याची वाफ झाली नाही. असं पाणी खडक अक्षरशः खातं. आधी बळी जाते ती ज्वालामुखी काच, म्हणजे रस झटकन निवल्यामुळे स्फटिक व्हायला उसंतच न मिळालेला भाग. बेसाल्टमधलं ऑलिव्हिन हे खनिजही लवकर हार मानतं. मग फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचा नंबर. त्यांच्यातलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम पाण्यात उतरतं. लोह आणि मॅग्नेशियम मात्र फार लांब जात नाहीत. त्यांची हिरवट चिकणमातीसारखी खनिजं बनून पोकळीच्या भिंतीला अस्तर लागतं. सेलाडोनाइट त्यांतलंच एक.

खनिजांनी भरलेलं पाणी हळूहळू निवू लागलं की पाकातून खडीसाखर धरावी तसे त्या अस्तरावर स्फटिक धरू लागतात: ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट आणि त्यांची बाकीची झिओलाइट भावंडं, म्हणजे पोटात पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचं कुटुंब. ॲपोफिलाइट दिसतो त्यांच्यासारखा, पण झिओलाइट नव्हे. त्याला पोटॅशियम आणि फ्लोरीन लागतं, आणि तो बहुधा मागाहून येऊन बसतो. त्याचा हिरवा रंग चिमूटभर व्हॅनेडियमचा.

याच पोकळ्यांत सापडणाऱ्या कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीच्या खनिजाची, तऱ्हा मात्र उलटी. पाणी तापलं की तो विरघळायचा सोडून खाली बसतो. बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होते ना, तोच हा प्रकार.

कुठलं झिओलाइट धरणार हे पाणी किती तापलं यावरही ठरतं. आइसलँडच्या बेसाल्टमध्ये चाबाझाइट थंड थरांत, स्टिल्बाइट त्याहून गरम आणि लॉमोंटाइट आणखी गरम थरांत सापडतं. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं तापमान नुसती खनिजं ओळखून अंदाजता येतं. मला यातली ही गोष्ट सर्वांत भारी वाटते.

‘झिओलाइट’ म्हणजे उकळणारा दगड. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा खडा तापवला, तेव्हा आतलं पाणी बाहेर पडून तो फसफसला. नाव पडलं ते तेव्हा.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर स्फटिक पाहून झाल्यावर तो ज्या दगडावर बसलाय तिकडेही बघा. तळाशी एखादा मळकट हिरवा पापुद्रा दिसेल. मध्ये कपाटाची काच नसती तर नखानेही खरवडला गेला असता, इतका मऊ. एकेकाळी तो टणक बेसाल्टचाच भाग होता.