महाराष्ट्रातील ऋतुपर्यटन
महाराष्ट्रातील ऋतुपर्यटन : ठरावीक हंगामात खुलणारी निसर्गस्थळे आणि पीकपाण्याच्या चक्राशी बांधलेले सण, वाऱ्या व जत्रा यांच्यासाठी राज्यात होणारा प्रवास. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी. आहे, पण येथल्या प्रवासाचा मेळ अंतरापेक्षा पावसाशी जास्त बसवावा लागतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणात पोचतात, सह्याद्रीला अडून घाटमाथ्यावर कोसळतात आणि देशावर उतरेपर्यंत कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ३० किमी.वरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा माण तालुका पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झगडतो आहे. एकाच महिन्यात एका तालुक्यात दरड कोसळते आणि दुसऱ्यात टँकर फिरतो. त्यामुळे कोणतेही ठिकाण सांगताना महिना सोबत सांगितला नाही, तर माहिती अर्धीच राहते.

पावसाळ्यात बरेच काही बंद होते. समुद्र खवळल्याने जंजिरा आणि सिंधुदुर्ग या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील सफारी स्थगित होतात, नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी खालच्या टप्प्यात विसावते. उघडतो तो घाटमाथा. माळशेज, ताम्हिणी, आंबोली येथे कडे धबधब्यांनी भरून जातात. ओढ्याचे पाणी वरच्या डोंगरावरील सरीने पाहता पाहता वाढते, आणि खाली ऊन असले तरी धोका टळलेला नसतो. दरवर्षी होणारे अपघात बहुधा हे न जाणल्यामुळेच होतात.

याच दिवसांत वारी निघते. आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकारामांची पालखी सुमारे तीन आठवडे चालून आषाढी एकादशीला पंढरपुरी पोचते. पेरण्या उरकून किंवा घरच्यांवर सोपवून निघालेला शेतकरी हा तिचा कणा. वारीला पर्यटन म्हटलेले वारकऱ्याला रुचणार नाही, आणि त्याचे म्हणणे योग्यच आहे. तरीही बाहेरच्याला महाराष्ट्र एका ठिकाणी पाहायचा असेल, तर दिवे घाटाची चढण किंवा माउलींचा अश्व धावतो ते रिंगण यांच्या तोडीचे दुसरे काही नाही. पाहणाऱ्याने कॅमेरा बाजूला ठेवून चार कोस सोबत चालावे.

पाऊस ओसरू लागला की साताऱ्याजवळच्या कास पठाराचे दिवस येतात. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जांभ्या खडकाच्या या सड्यावर तेरडा, सोनकी, गेंद, कवला आणि सीतेची आसवे फुलतात. सीतेची आसवे ही नाजूक निळी वनस्पती कीटकभक्षी आहे. कातळावरच्या मातीच्या पातळ थरात पोषण अपुरे पडते, म्हणून ती बारीक जीव पकडून ते भरून काढते. करवीचा फुलोरा मात्र सात वर्षांतून एकदाच येतो. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. त्यानंतर गर्दी उसळली आणि प्रवेशाला रोजच्या संख्येची मर्यादा घालावी लागली. पठाराभोवती काही वर्षे तारेचे कुंपणही होते. गुरांची चराई थांबली, गवत माजले, फुले घटली, अशी ओरड झाल्यावर ते काढण्यात आले.

भाद्रपदात मुंबईचा चाकरमानी गणपतीसाठी कोकणात उतरतो, तर विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी लाखो अनुयायांनी भरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमीच होती.

हिवाळा हा लेण्यांचा आणि किल्ल्यांचा हंगाम मानला जातो. हुरड्याच्या दिवसांत देशावरची हवा सुखद असते, आणि २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा दुर्गांपैकी राजगड, साल्हेर यांसारख्या दमवणाऱ्या चढाया याच दिवसांत कराव्यात. अजिंठ्याबद्दल मात्र वेगळे सांगावेसे वाटते. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता, आणि डोंगरात कोरलेले विहार त्या मुक्कामाच्या कामी आले. म्हणजे ही जागाच मुळात पावसाळ्याची. वाघूर नदी नालाकृती दरीत वळते, लेण्यांच्या टोकाशी धबधबा उतरतो, समोरचा डोंगर हिरवा होतो. डिसेंबरात हेच पात्र बहुधा दगडगोट्यांचे असते. वेरूळला कैलास लेणे वरून खाली कोरत आणले आहे. ते कधीही पाहावे, फक्त घाईत पाहू नये.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. कोकणात कार्तिकापासून देवळांच्या जत्रांत दशावतारी रात्रभर खेळ करतात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते, आणि ती कळताच मुंबईत गाड्यांच्या आरक्षणाची झुंबड उडते. पुढे शिमग्यात ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघर येतात.

रब्बीची मळणी आटोपली की देशावर यात्रांचा सुकाळ होतो. चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या सासनकाठ्या नाचतात. गावोगावच्या यात्रांसाठी तमाशाचे फड ठरवायला गावकारभारी नारायणगावच्या राहुट्यांत येऊन बसतात. त्याच सुमारास मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून वर येतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली संवर्धन सुरू केले आणि आता गावकरीच घरट्यांची राखण करतात, पाहुण्यांना घरी उतरवतात. पिल्ले पाहायला गेलेल्याच्या पदरी एखाद्या सकाळी एकही पिल्लू येत नाही, हे आधीच मनाशी धरून जावे.

विदर्भाचा उन्हाळा अंग भाजून काढतो, पण ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. पानगळीने रान विरळ होते आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात राज्यातील अनेक अरण्यांत मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची प्रथा आहे. उकाडा सोसवत नसेल त्याने मेळघाटातील चिखलदरा गाठावे. विदर्भातले हे थंड हवेचे ठिकाण कॉफीच्या मळ्यांसाठीही ओळखले जाते.

वळवाच्या सरी सुरू झाल्यावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदरा, पुरुषवाडी आणि राजमाची परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. काजव्याचे पंखांसह आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते, आणि त्याचा उजेड ही नराने मादीला घातलेली साद असते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या त्या सादेत व्यत्यय आणतात. गाडी गावातच ठेवून अंधारात पायी गेल्यास डोळे दहा-पंधरा मिनिटांत सरावतात, आणि मग अख्खे झाड एका लयीत उजळून विझताना दिसते. मोसमी पाऊस एकदा नीट लागला की ती झाडे काळोखी होतात.