लिंकर तुमचा, लोडर सिस्टिमचा

सोलारिस या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर एखादं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर बांधायला घेतलं की शेकडो फायली बिनतक्रार कंपाइल होतात आणि शेवटच्या पायरीवर घोडं अडतं. ही पायरी लिंकरची. कंपायलरने यंत्रभाषेत उतरवलेल्या तुकड्यांमध्ये ‘हे फंक्शन कुठे आहे?’ अशा जागा मोकळ्या राहिलेल्या असतात. लिंकर त्या भरतो. शेअर्ड लायब्ररीतलं, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा वेगळ्या फायलीतलं, फंक्शन असेल तर तो फक्त चिठ्ठी लिहून ठेवतो: ही लायब्ररी लागेल, अमुक डिरेक्टरीत शोधा. प्रोग्राम सुरू होताना ती चिठ्ठी वाचतो तो लोडर.

सोलारिसवर लिंकर दोन मिळतात. एक सोलारिस बनवणाऱ्या सन कंपनीचा मूळचा, दुसरा ग्नू प्रकल्पाच्या बिनयुटिल्स या साधनसंचातला. दोघांचंही नाव एलडी, दोघांचीही फाइल ईएलएफ धाटणीची. बोली मात्र वेगळी. सनच्या लिंकरला ‘-एम’ पुढे फायलीचं नाव लागतं. लायब्ररीतली कुठली नावं बाहेर दिसू द्यायची ते त्या फायलीत लिहिलेलं असतं. ग्नूला ‘-एम’ म्हणजे जोडणीचा नकाशा छाप, एवढंच कळतं, आणि पुढची फाइल तो जोडायचाच माल समजतो. नावं निवडण्यासाठी ग्नूचा स्वतंत्र, लांबलचक नावाचा ऑप्शन आहे. लायब्ररीची वाट सांगणाऱ्या ‘-आर’च्या बाबतीत मात्र ग्नूने जुळवून घेतलंय: पुढे डिरेक्टरी दिसली की तो सनसारखाच वागतो.

गोंधळ वाढतो तो जीसीसीमुळे, म्हणजे ग्नूच्या कंपायलरमुळे. कुठल्या लिंकरशी कुठल्या बोलीत बोलायचं, हे जीसीसी स्वतः बांधला जातानाच ठरतं. नंतर त्याच्या हाताखाली दुसरा एलडी आला, तरी तो जुन्याच बोलीत हुकूम सोडत राहतो.

मग निवडायचा कुठला? माझं मत मूळच्या बाजूने. लिंकर बदलता येतो, पण चिठ्ठी वाचणारा लोडर सिस्टिमचाच राहतो, आणि त्याच्याबरोबर वाढलेला लिंकर त्याला जास्त ओळखतो. जीसीसीची कागदपत्रंही सोलारिसवर मूळच्या लिंकरलाच पसंती देतात. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर तर प्रश्नच मिटतो: तिथली फाइल एक्सकॉफ धाटणीची, आणि तिथे सिस्टिमचाच लिंकर वापरा असं जीसीसीवाले स्पष्ट सांगतात. मॅकच्या माख-ओ फायली जोडणंही ग्नूच्या लिंकरला जमत नाही.

लिनक्सवर ग्नूचाच लिंकर घरचा. तिथली चढाओढ वेगाची: 2008 मध्ये गोल्ड आला, पुढे एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा एलएलडी आणि मोल्ड. फ्रीबीएसडी या मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट आणखी वेगळी. जीपीएल या ग्नूच्या परवान्याची तिसरी आवृत्ती नको म्हणून त्यांनी बिनयुटिल्स 2.17 च्या आसपासच गोठवून ठेवलं होतं. 2018 च्या 12.0 मध्ये ते एलएलडीवर गेले. तंत्राइतकाच परवानाही लिंकर ठरवतो, तो असा.

बांधणी सुरू करण्याआधी जीसीसीला ‘-प्रिंट-प्रोग-नेम=एलडी’ विचारा; तो कुठला लिंकर बोलावणार ते कळतं. बांधून झाल्यावर एलडीडी चालवा; प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी कुठे सापडतात ते ही आज्ञा दाखवते. एखाद्या लायब्ररीपुढे ‘फाइल सापडली नाही’ असं आलं, तर वाटेची चिठ्ठी बहुधा लिहिलीच गेलेली नाही.