बाटली तपासायची की कारखाना? लसींच्या शुद्धतेच्या वादाची पार्श्वभूमी

लसीत नको ते काहीतरी सापडलं अशी बातमी आली की पुण्यात दोन प्रश्न हमखास येतात: आपल्याकडचीच का, आणि क्यूसीवाले, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारे, काय करत होते? हडपसर, मांजरी, हिंजवडी या पट्ट्यात बऱ्याच गल्ल्यांत कोणी ना कोणी औषध कंपनीत ‘क्यूसी’ नाहीतर ‘क्यूए’ला (गुणवत्तेची हमी पाहणाऱ्या विभागात) असतं, तेव्हा दुसरा प्रश्न जरा जपून विचारलेला बरा. शिवाय त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की तयार बाटली नीट तपासली की काम झालं. लसउद्योगाने ही समजूत गेल्या शंभरेक वर्षांत हळूहळू सोडून दिली. २००८ साली तीन सरकारी लस कारखान्यांचे परवाने थांबवले गेले, त्यामागेही हाच बदल होता.

सुरुवात मुंबईत बनलेल्या प्लेगच्या लसीपासून करावी लागते. पुण्याला त्या काळचा प्लेग आठवतो तो गणेशखिंड रस्त्यावरच्या गोळीबारामुळे. लसीची गोष्ट मागे पडते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. पहिल्या चौकशीने बोट ठेवलं प्रयोगशाळेवर, कारण तिथे कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू झालं होतं. लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला, वाल्डेमार हाफकिनला, पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे कळलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये त्या शास्त्रज्ञावरचा ठपका पुसला गेला. परळच्या संस्थेला आज त्याचंच नाव आहे. दोष बाटलीत शिरला कुठे, कारखान्यात की टोचणीच्या टेबलावर, हा वाद मात्र तेव्हापासून प्रत्येक दुर्घटनेत नव्याने उभा राहतो.

१९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात घटसर्पाच्या लसीने १२ मुलं दगावली. अनेक डोसांची ती बाटली पुन्हापुन्हा वापरली गेली होती, तिच्यात जंतुनाशक नव्हतं, आणि आत स्टॅफिलोकोकस वाढला होता. अशा बाटल्यांत जंतुरोधक घालण्याचा आग्रह इथून धरला गेला. पण खरा धक्का १९५५ चा. अमेरिकेत पोलिओची ‘मारलेली’ लस नुकतीच बाजारात आली होती, आणि एका कंपनीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य आजार झाला, २०० जणांना कायमचा लकवा, १० मृत्यू. फॉर्मलिनने विषाणू मारताना पेशींच्या कचऱ्याच्या गुठळ्यांत काही विषाणू सुरक्षित राहिले होते. या बॅच चाचणी न करताच सुटलेल्या नव्हत्या. चाचणीत काही दिसलं नाही, म्हणून सुटल्या होत्या.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण स्वयंपाकघरात चालते, कारण भात एकाच पातेल्यात, एकाच वाफेवर शिजतो. बाटल्या तशा नसतात. मोठ्या बॅचमधून निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी साधारण २० बाटल्या काढतात, त्यांतली लस दोन वेगळ्या माध्यमांत घालून दोन वेगळ्या तापमानांना १४ दिवस ठेवतात. समजा त्या बॅचमधल्या शंभरातल्या एका बाटलीत जंतू आहेत. तर २० च्या २० चांगल्याच हाती लागण्याची शक्यता ८२ टक्के निघते. म्हणजे एक टक्का दूषित असलेली बॅच पाचातल्या चार वेळा बिनबोभाट पास होईल. हा हिशोब क्यूसीत काम करणाऱ्या कोणालाही पाठ असतो, बाहेर तो फारसा सांगितला जात नाही.

चाचणीची दुसरी मर्यादा अशी, की जे शोधायचं ठरवलंय तेवढंच ती शोधते. १९६० मध्ये पोलिओ लसीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडांच्या मूत्रपिंड-पेशींत तोवर अज्ञात असलेला एक विषाणू सापडला. तोपर्यंत त्या पेशींतली लस कोट्यवधी लोकांना देऊन झाली होती. ही माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात. तसंच २०१० मध्ये रोटाव्हायरसच्या एका लसीत डुकरांच्या एका विषाणूचा डीएनए मिळाला, तोही नव्या प्रकारच्या जनुकक्रम-वाचनामुळे. त्याचा माणसाला अपाय दिसला नाही, वापर काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू झाला. मर्यादेचे आकडेही दगडावरची रेघ नसतात. सतत वाढणाऱ्या पेशींतून लस केली तर एका डोसमध्ये त्या पेशींचा किती डीएनए चालेल, याचं उत्तर १९८६ मध्ये १०० पिकोग्रॅम होतं. दहाएक वर्षांनी ते १० नॅनोग्रॅम झालं, म्हणजे शंभर पट सैल. या सवलतीमागे गाठींच्या धोक्याबद्दलचे प्रयोग होते. बातमीत येतो तो फक्त आकडा.

या सगळ्याला उत्तर म्हणून ‘जीएमपी’ (उत्पादनाची चांगली पद्धत) आली. साठच्या दशकात अमेरिकेत तिचे नियम झाले, दशकाच्या अखेरीस जागतिक पातळीवर मसुदा आला. शेवटच्या बाटलीऐवजी बाटली भरणाऱ्या खोलीकडे, हवेकडे, माणसाकडे आणि कागदाकडे पाहायचं, हा तिचा गाभा. उदाहरणार्थ ‘मीडिया फिल’. त्या दिवशी लाइनवर लस नसतेच. लसीच्या जागी जंतूंना आवडेल असं पोषक द्रावण बाटल्यांत भरतात. कामगार नेहमीचीच हालचाल करतात, लाइन मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करतात, सुई बदलतात, शिफ्टही बदलते. मग या हजारो बाटल्या १४ दिवस उबेत ठेवतात. एक जरी गढूळ झाली तरी चौकशी लागते. हातमोज्यांच्या पाचही बोटांचे ठसे पोषक जेलीच्या तबकडीवर घेतात आणि कोणाच्या बोटावर वसाहत उगवली ते नावानिशी नोंदलं जातं. एवढं झाल्यावरही प्रत्येक बाटली पांढऱ्या आणि काळ्या पडद्यापुढे फिरवून पाहायची असतेच, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ठरावीक वेळाने विश्रांती द्यायची असते.

भारतात हे सगळं औषधांच्या नियमांतल्या ‘शेड्यूल एम’ या परिशिष्टात येतं. ते २००१ मध्ये कडक झालं, अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत २००५ पर्यंत गेली. खासगी कंपन्यांनी इमारती बदलल्या, हवेची यंत्रणा बदलली. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटला तर ते करावंच लागत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीत शिरायचं तर जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता हवी, आणि पूर्वमान्यतेसाठी एकट्या कंपनीचं काम चोख असून भागत नाही. त्या देशाचं औषध नियामक खातंही पास व्हावं लागतं.

इथेच २००८ चा गुंता आहे. कसौली (१९०५), कुन्नूर (१९०७) आणि चेन्नईतलं गिंडी (१९४८) या तीन सरकारी संस्था देशाच्या लसीकरणाला डीपीटी, टीटी, बीसीजीसारख्या लसींचा मोठा वाटा पुरवत. इमारती जुन्या होत्या, नव्या निकषांत बसत नव्हत्या, आणि सुधारणेचा पैसा वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. बाहेरून आलेल्या तपासनीसांनी विचारलं, तुमचं खातं खासगी कारखान्यांना एक नियम आणि सरकारी कारखान्यांना दुसरा कसा लावतं? नियामक खातं नापास झालं असतं तर निर्यात करणाऱ्या सगळ्या भारतीय कंपन्यांची पूर्वमान्यता धोक्यात आली असती, पुण्याचीही. जानेवारी २००८ मध्ये तिन्ही परवाने एकदम थांबले.

टीकाकारांचा मुद्दा सरळ होता: या तिघांची एखादी बॅच नापास झाली का? लोकांना अपाय झाला का? तसं काही परवाने थांबवण्याचं कारण म्हणून पुढे आलं नव्हतं. उत्तर असं दिलं गेलं, की जीएमपीत दोष सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते, दोष येऊच शकणार नाही हे दाखवायचं असतं. १९५५ नंतरचा सगळा इतिहास या उत्तराच्या बाजूने आहे, हे मान्य करावं लागेल. पण त्याच तत्त्वाने दुसराही प्रश्न येतो. कारखाना सुधारायचा होता तर पर्यायी साठा, टप्प्याटप्प्याने बंदी, पैसा, मुदत हे आधी का नाही? परवाने थांबले आणि सरकार खासगी पुरवठ्यावर जवळपास पूर्ण अवलंबून झालं, काही ठिकाणी लसींचा तुटवडाही जाणवला. प्रकरण जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१० मध्ये बंदी उठली, आणि त्याच वर्षी एका चौकशी समितीने निर्णयाच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. कारण चूक नव्हतं, घाई चूक होती, असं प्रस्तुत लेखकाचं मत. आणि ही घाई कोणाच्या सोयीची ठरली, याची चर्चा पुण्यात तरी फारशी झाली नाही, इतकंच नोंदवून ठेवतो.

पुढच्या घडामोडी झपाट्याने आल्या. एप्रिल २०१६ मध्ये तोंडाने द्यायच्या पोलिओ लसीतून पोलिओ विषाणूचा टाइप २ हा प्रकार काढला गेला. त्यामुळे काल जो घटक कायदेशीर होता तो आज अशुद्धी ठरला. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या बाटल्यांत तोच टाइप २ निघाला, आणि त्या बाटल्या महाराष्ट्रातही आलेल्या होत्या. ही गोष्ट उघड झाली ती उत्तर प्रदेशातल्या काही मुलांच्या विष्ठेच्या नमुन्यांतून. बॅचच्या दाखल्यांनी ती सांगितली नव्हती.

कोविडमध्ये जून २०२१ ला कोव्हॅक्सिन बनवताना वापरलेल्या वासराच्या सीरमवरून (रक्तातल्या द्रवावरून) गदारोळ झाला. ते सीरम पेशी वाढवताना वापरतात, नंतर पेशी धुतात, अंतिम लसीत ते नसतं, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या कोविशील्ड लसीची बॅच कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या दाखल्यावर सुटत होती. कसौलीतला कारखाना बंद करणारा नियम आणि कसौलीतून मिळणारा दाखला, दोन्ही पुण्याच्या वाट्याला आले. वेळ वाचावा म्हणून जून २०२१ अखेर पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पेशीविज्ञान संस्थेलाही अशी तपासणी करण्याचा अधिकार मिळाला, ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एका संस्थेला. दरम्यान २०१८ मध्येच जागतिक तज्ज्ञ समितीने उंदीर आणि गिनीपिगना लस टोचून सात दिवस पाहण्याची जुनी चाचणी बंद करावी अशी शिफारस केली होती: कारखान्याची शिस्त असेल तर ती काहीच नवं सांगत नाही. आणि शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बदललं, या वेळी लहान कारखान्यांना मुदत मोठ्यांपेक्षा जास्त ठेवून.